पाऊस थांबला तरी नदी का चढते? पूर-आलेख काढायचा कसा आणि वाचायचा कसा

दुपारी पाऊस ओसरतो. ढग फाटतात, ऊन पडतं, पागोळ्याही थांबतात. काठावर उभं राहून पाहणाऱ्याला वाटतं, आता पाणी उतरणार. प्रत्यक्षात ते संध्याकाळपर्यंत आणखी हातभर चढतं आणि रात्री कधीतरी आपल्या सर्वांत वरच्या खुणेला टेकतं. आभाळ पाहून नदीचा अंदाज बांधणारा फसतो तो इथे. आभाळातलं पाणी संपलेलं असलं, तरी डोंगरउतारावर, मातीत आणि शेकडो ओहोळांत ते अजून वाटेवर असतं.

हे वाटेवरचं पाणी कागदावर पकडण्याचं साधन म्हणजे पूर-आलेख. अभियंते त्याला हायड्रोग्राफ म्हणतात, पाठ्यपुस्तकांत जलालेख असाही शब्द सापडतो. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर नदीचा विसर्ग, एवढाच त्याचा सांगाडा. पण ती एक रेघ वाचता आली, की पाणलोटाची माती, उतार, झाडोरा, वस्ती आणि आदल्या आठवड्याचं हवामान असं बरंच काही तिच्यात दिसायला लागतं.

या लेखात एक आलेख पहिल्या नोंदीपासून शेवटच्या हिशेबापर्यंत काढू. वही, पेन्सिल, आलेखाचा कागद आणि साधा कॅल्क्युलेटर पुरे. संगणक हेच काम क्षणात करतो, तरीही पहिले दोन-तीन आलेख हातानेच काढा असा माझा आग्रह आहे. रेघ कुठे वळली आणि का वळली, हे बिंदू जोडणाऱ्या हाताला आधी कळतं.

पातळी आणि विसर्ग यांची गल्लत नको

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं थांबूया. पुलाच्या खांबावर रंगवलेली पट्टी सांगते ती पातळी, म्हणजे पाणी किती मीटरवर आहे ते. विसर्ग म्हणजे एका सेकंदात नदीच्या आडव्या छेदातून किती घनमीटर पाणी पुढे गेलं ते. घनमीटर प्रतिसेकंदाला थोडक्यात क्युमेक म्हणतात. बातम्यांत येणारा क्युसेक हा घनफुटांचा आकडा असतो. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. अरुंद घळीत विसर्ग दुप्पट झाला तर पातळी कित्येक मीटर चढेल, रुंद पात्रात तोच बदल वीतभरही जाणवणार नाही. दोन नद्यांची तुलना करायची तर विसर्गच हवा.

विसर्ग मोजायचा म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ गुणिले वेग. व्यवहारात नदीचा छेद उभ्या पट्ट्यांत विभागतात, प्रत्येक पट्टीची खोली घेतात आणि प्रवाहमापकाने वेग मोजतात. एकाच जागी मोजायचं असेल तर पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ इतक्या अंतरावर. खोली बरी असेल तर ०.२ आणि ०.८ अशा दोन जागी मोजून सरासरी घेतात. प्रत्येक पट्टीचा विसर्ग काढून बेरीज केली की काम झालं. प्रवाहमापक नसेल तर लाकडाचा तुकडा सोडून, ठरावीक अंतर कापायला त्याला किती वेळ लागतो ते पाहता येतं. मात्र पृष्ठभागावरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात धावतं, म्हणून आलेल्या वेगाला सुमारे ०.८५ ने गुणावं लागतं.

पूर आलेला असताना हे कुणी तासातासाला करत बसत नाही, आणि पुराच्या पाण्यात उतरून तर कधीच करू नये. त्याऐवजी वर्षभर वेगवेगळ्या पातळ्यांना विसर्ग मोजून पातळी आणि विसर्ग यांचा एक वक्र तयार ठेवतात. मग पूर येतो तेव्हा फक्त पट्टी वाचायची आणि वक्रावरून विसर्ग घ्यायचा. या वक्राचं वरचं टोक नेहमी कच्चं असतं, कारण मोठ्या पुरात प्रत्यक्ष मोजणी क्वचितच झालेली असते आणि तिथली रेघ अंदाजाने वाढवलेली असते. शिवाय सपाट उताराच्या नदीत, पातळी एकच असली तरी चढत्या पुरात विसर्ग थोडा जास्त असतो आणि उतरत्या पुरात थोडा कमी. चढताना पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार पुढच्या बाजूला अधिक तीव्र असतो, म्हणून असं होतं. कुणी विक्रमी विसर्गाचा आकडा सांगितला, तर तो मोजलेला आहे की वक्र ताणून काढलेला, हे आधी विचारावं.

नोंदी मांडूया

पावसाची नोंद किमान ताशी हवी. दिवसाचा एकच आकडा पूर-आलेखाला निरुपयोगी, कारण ५० मिलिमीटर पाऊस चार तासांत पडला की चोवीस तासांत, यावरच सगळं ठरतं. पाणलोटात एकाहून अधिक पर्जन्यमापक असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती क्षेत्र येतं ते पाहून भारित सरासरी काढावी. शेजारच्या मापकांना जोडणाऱ्या रेषांचे लंबदुभाजक काढून क्षेत्राची वाटणी करायची ही पद्धत थीसेन यांनी १९११ मध्ये मांडली आणि अजूनही ती हाताने काम करणाऱ्याला सर्वांत सोयीची आहे.

आपल्या उदाहरणासाठी ९० चौरस किलोमीटरचं एक पाणलोट क्षेत्र घेऊ. आकडे शिकण्यासाठी रचलेले आहेत, पण त्यांची चाल खऱ्या नदीची आहे. पाऊस चार तास पडला: पहिल्या तासात ६ मिलिमीटर, दुसऱ्यात १४, तिसऱ्यात २२, चौथ्यात ८. एकूण ५०. पाऊस सुरू झाला ती वेळ शून्य धरून नदीच्या नोंदी अशा:

| वेळ (तास) | विसर्ग (क्युमेक) |
|---|---|
| ० | ५ |
| २ | ५ |
| ४ | १७ |
| ६ | ४१ |
| ८ | ६२ |
| १० | ५४ |
| १२ | ४२ |
| १४ | ३२ |
| १६ | २४ |
| १८ | १८ |
| २० | १४ |
| २२ | ११ |
| २४ | ९ |
| २६ | ८ |
| २८ | ७.८ |
| ३० | ७.६ |

कागदावर उतरवा

आडव्या अक्षावर ० ते ३० तास आणि उभ्यावर ० ते ७० क्युमेक घ्या. पावसाचे ताशी स्तंभ त्याच कागदावर, वरच्या कडेपासून खाली लोंबते काढा, म्हणजे नदीच्या रेघेशी त्यांची गर्दी होणार नाही. दोन्हींचा वेळेचा अक्ष एकच असला पाहिजे. पर्जन्यमापकाचं घड्याळ आणि नदीवरच्या नोंदवहीतलं घड्याळ जुळत नसेल, तर पुढचा सगळा हिशेब वाया जातो. म्हणून दोन्ही वेळा आधी पडताळा. मग विसर्गाचे बिंदू मांडून ते हलक्या हाताने जोडा. पट्टीने तुटक रेघा जोडू नका, नदी कोपऱ्यांनी वळत नाही.

आता रेघ पाहा. पहिले दोन तास ती सपाट आहे. पाऊस पडतोय, पण नदीला अजून पत्ता नाही. मग ती झपाट्याने उठते, ही चढती बाजू. आठव्या तासाला ६२ क्युमेकवर टोक गाठते, तो शिखर विसर्ग. तिथून पुढे संथ, लांबलचक उतार आहे, ती उतरती बाजू. चढायला सहा तास आणि उतरायला अठरा. ही विषमता जवळजवळ प्रत्येक पुरात दिसते. चढती बाजू पाऊस घडवतो, म्हणून ती पावसासारखीच उतावीळ असते. शिखरानंतर मात्र नदीकडे येतं ते साठलेलं पाणी: आधी पात्रांतलं, मग मातीच्या वरच्या थरांतलं, सर्वांत शेवटी भूजलातलं. साठा रिकामा होतो तसा त्याचा ओघ मंदावतो, म्हणून उतार लांबत जातो.

विलंबकाल

पावसाचा भर आणि नदीचं शिखर यांतलं अंतर म्हणजे विलंबकाल. मला विचाराल तर आलेखातला हा सर्वांत मोलाचा आकडा, शिखर विसर्गापेक्षाही. काठावरच्या माणसाच्या हाती किती वेळ आहे ते तोच सांगतो.

मोजण्याच्या दोन रीती आहेत. सर्वाधिक पावसाच्या तासाच्या मध्यापासून शिखरापर्यंत मोजायचं, ही सोपी. आपल्या उदाहरणात तिसऱ्या तासाचा मध्य २.५, शिखर ८, म्हणजे साडेपाच तास. दुसरी रीत पावसाच्या गुरुत्वमध्यापासून मोजण्याची. प्रत्येक तासाचा पाऊस त्या तासाच्या मध्यवेळेने गुणून बेरीज करा आणि एकूण पावसाने भागा: ६ × ०.५, १४ × १.५, २२ × २.५ आणि ८ × ३.५ यांची बेरीज १०७, भागिले ५०, म्हणजे २.१४ तास. विलंबकाल ८ − २.१४, म्हणजे सुमारे ५.९ तास. कोणतीही रीत वापरा, पण दोन पुरांची तुलना करताना दोन्हीकडे एकच वापरा.

आपल्या उदाहरणात पाऊस चौथ्या तासाला थांबला आणि शिखर आठव्या तासाला आलं. सुरुवातीला म्हटलेले उन्हातले तास ते हेच.

पूर कुठला आणि नेहमीचं पाणी कुठलं?

पाऊस नसतानाही आपली नदी ५ क्युमेक वाहत होती. हा मूळ प्रवाह, भूजल झिरपून येणारा. पावसामुळे किती पाणी आलं हे काढायचं तर तो वजा करावा लागतो. चढ सुरू होतो ती जागा सहज सापडते: दुसरा तास, ५ क्युमेक. पुराचं पाणी संपून पुन्हा नुसतं भूजल उरलं ती जागा शोधणं मात्र अवघड.

त्यासाठी एक साधी युक्ती आहे. उतरत्या बाजूची प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीने भागत जा. ४२ भागिले ५४ म्हणजे ०.७८. पुढे ०.७६, ०.७५, ०.७५, ०.७८, ०.७९, ०.८२, मग ८ भागिले ९ म्हणजे ०.८९, आणि त्यानंतर एकदम ०.९७ च्या वर. गुणोत्तर जिथे उडी मारून नव्या जागी स्थिरावतं, तिथे साठा बदलला. जलद रिकामा होणारा साठा संपला आणि हळू रिकामा होणारा उरला. आपल्याकडे ही जागा २६ व्या तासाला, ८ क्युमेकवर आहे. लॉगरिदमच्या कागदावर काढलं तर इथेच रेघेला ठळक वाक दिसतो.

पुस्तकांत एक आडाखाही भेटतो: चौरस किलोमीटरमधल्या क्षेत्राचा ०.२ घात घ्या, ०.८३ ने गुणा, आणि शिखरानंतर तितक्या दिवसांनी पुराचं पाणी संपलं असं धरा. ९० चौरस किलोमीटरला तो सुमारे दोन दिवस सांगतो, म्हणजे आपल्या २६ व्या तासाऐवजी ५७ वा. नोंदी हाताशी असताना मी आडाख्यापेक्षा नोंदींवर विश्वास ठेवेन. आडाखा कामाला येतो तो नोंदी विरळ असताना.

दुसऱ्या तासाच्या ५ पासून २६ व्या तासाच्या ८ पर्यंत सरळ तिरकी रेघ ओढा. तिच्या वरचा भाग पुराचा, खालचा मूळ प्रवाहाचा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही रेघ हिशेबाच्या सोयीची आहे, पाण्यात ती कुठे ओढलेली नसते. १९७० च्या दशकापासून ऑक्सिजन-१८ सारख्या समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या, मदतीने नव्या पावसाचं पाणी आणि जमिनीत आधीपासून असलेलं पाणी वेगळं ओळखता येऊ लागलं. तेव्हा दिसलं, की दमट हवामानातल्या अनेक लहान, झाडोऱ्याच्या पाणलोटांत पुराचं बरंचसं पाणी त्या दिवशीच्या पावसाचं नसतंच. जमिनीत आधीपासून असलेलं पाणी नव्या पावसाच्या दाबाने बाहेर पडलेलं असतं. पाणी किती वेगाने आलं हे आलेख सांगतो. ते कोणत्या दिवशी आभाळातून पडलं होतं, हे तो सांगू शकत नाही.

पाण्याचा हिशेब

रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे पाण्याचं घनफळ. दुसऱ्या ते २६ व्या तासापर्यंत दोन-दोन तासांचे पट्टे आहेत. दोन टोकांच्या नोंदींची सरासरी ६.५. मधल्या अकरा नोंदींची, म्हणजे १७ पासून ९ पर्यंतची, बेरीज ३२४. मिळून ३३०.५. दोन तासांत ७,२०० सेकंद, म्हणून एकूण पाणी २३,७९,६०० घनमीटर.

यातून मूळ प्रवाह वजा करू. तिरक्या रेघेची सरासरी ६.५ क्युमेक, वेळ २४ तास म्हणजे ८६,४०० सेकंद. गुणाकार ५,६१,६०० घनमीटर. उरलं १८,१८,००० घनमीटर. हे पुराचं पाणी.

आता पाऊस. ९० चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ९०,००० घनमीटर, तेव्हा ५० मिलिमीटरचे झाले ४५,००,००० घनमीटर. पुराचं पाणी ९०,००० ने भागलं की येतं २०.२ मिलिमीटर. म्हणजे पडलेल्या ५० पैकी सुमारे ४० टक्के पाणी पूर होऊन गेलं. बाकीचं मुरलं, पानांवर आणि खळग्यांत अडकलं, पुढे हळूहळू वाफ झालं किंवा भूजलाला मिळालं.

टक्केवारी शंभरच्या वर गेली तर घाबरू नका, पण पुढेही जाऊ नका. बहुधा डोंगरमाथ्यावरचा मोठा पाऊस तुमच्या मापकांच्या हातून सुटलेला असतो, नाहीतर पातळी-विसर्ग वक्राचं वरचं टोक चुकलेलं असतं. बर्फ वितळणाऱ्या प्रदेशात आधीचा साठाही त्यात मिसळलेला असू शकतो.

तोच पाऊस, वेगळा आलेख

५० मिलिमीटरचा हाच पाऊस दुसऱ्या पाणलोटावर पडला तर रेघ ओळखू येणार नाही. उतार तीव्र असेल तर पाणी लवकर पोहोचतं. खाली चिकणमाती किंवा अभंग खडक असेल तर ते मुरत नाही. वाळू किंवा भेगाळ चुनखडी असेल तर इतकं मुरतं, की पूर आल्यासारखा वाटतच नाही आणि मूळ प्रवाह मात्र कित्येक आठवडे टिकून राहतो. ओढ्यांचं जाळं दाट असेल तर पाण्याला मातीतून रांगत यायला थोडंच अंतर पडतं, पुढचा प्रवास पात्रातून जलद होतो. वाटोळ्या पाणलोटात सगळे ओढे जवळपास एकाच वेळी नाक्यावर येतात आणि शिखर उंच होतं. लांबट पाणलोटात खालचं पाणी निघून गेल्यावर वरचं पोहोचतं, शिखर बुटकं आणि पसरट राहतं. वस्ती वाढली, जमीन डांबर आणि सिमेंटखाली गेली, गटारं थेट नदीला जोडली, की दोन्ही गोष्टी एकदम बिघडतात: शिखर वर जातं आणि विलंबकाल आखडतो.

लोक बहुतेक वेळा विसरतात ती गोष्ट म्हणजे जमिनीची आधीची ओल. पूर्वी समज असा होता, की पावसाचा वेग मुरण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की उरलेलं पाणी जमिनीवरून धावतं. रॉबर्ट हॉर्टन यांनी १९३३ मध्ये हे नीट मांडलं, आणि उघड्या, घट्ट जमिनीवर ते खरंच आहे. पण जंगलाखालच्या भुसभुशीत मातीत इतक्या वेगाचा पाऊस क्वचितच पडतो, तरीही तिथल्या नद्यांना पूर येतात. पुढच्या काही दशकांच्या मोजण्यांतून कळलं, की ओढ्यांच्या काठची सखल जमीन खालून भूजलाने भरत येते आणि एकदा तुडुंब झाली की तिच्यावर पडलेला थेंबन् थेंब सरळ ओढ्यात जातो. लागोपाठ पाऊस असेल तर हा तुडुंब पट्टा काठापासून वर वर पसरतो. म्हणून हंगामाच्या सुरुवातीचे ५० मिलिमीटर नदीला जेमतेम ढवळतात, आणि तेवढेच ५० मिलिमीटर भिजल्या जमिनीवर पडले तर पूर येतो.

नैऋत्य इंग्लंडमधल्या लिनमथ या किनाऱ्यावरच्या गावात १५ ऑगस्ट १९५२ च्या रात्री हेच सगळं एकत्र आलं. वर एक्समूरचं पठार, तिथून तीव्र उताराने समुद्राकडे झेपावणाऱ्या ईस्ट लिन आणि वेस्ट लिन या दोन छोट्या नद्या, आणि दोन्हींच्या संगमावर गाव. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पठार आधीच पावसाने भिजून गेलं होतं. त्यावर चोवीस तासांत सुमारे २२९ मिलिमीटर पाऊस झाला. ३४ माणसं गेली. आलेखाच्या भाषेत सांगायचं तर चढती बाजू जवळजवळ उभी भिंत होती.

म्हणून प्रत्येक पूर-आलेखाच्या कोपऱ्यात मागच्या पाच आणि मागच्या तीस दिवसांचा पाऊस लिहून ठेवा. वर्षभराने आलेख काढून बसाल तेव्हा हेच दोन आकडे सर्वांत जास्त उपयोगी पडतील.

पुढच्या पावसाचा अंदाज

एका पुरावरून पुढचा पूर सांगता येईल का? अमेरिकी अभियंता लेरॉय शेरमन यांनी १९३२ मध्ये याचं देखणं उत्तर दिलं. त्यांची कल्पना अशी: ठरावीक कालावधीत एकक खोलीचा परिणामकारक पाऊस, म्हणजे मुरून आणि अडकून उरलेला पाऊस, पडला तर त्या पाणलोटाचा आलेख एका ठरलेल्या आकाराचा येतो. पाऊस दुप्पट झाला तर प्रत्येक बिंदूची उंची दुप्पट. पाऊस दोन तास उशिरा आला तर तोच आलेख दोन तास पुढे सरकवायचा. आणि अनेक सरी असतील तर सगळे आलेख एकावर एक रचून बेरीज करायची. यालाच एकक जलालेख म्हणतात.

आपल्या उदाहरणावर करून पाहू. ५० पैकी २०.२ मिलिमीटर परिणामकारक होता. दर तासाला सारखंच पाणी जमिनीने घेतलं असं धरलं, तर तो दर सुमारे ७.९ मिलिमीटर येतो: १४ मधून उरले ६.१ आणि २२ मधून १४.१. बाकीच्या दोन तासांतला पाऊस जवळजवळ पूर्ण जिरला. म्हणजे परिणामकारक पाऊस दोनच तासांचा होता. आता प्रत्येक वेळेच्या विसर्गातून मूळ प्रवाह वजा करून २.०२ ने भागा, की १० मिलिमीटरचा दोन तासांचा एकक आलेख मिळतो: चौथ्या तासाला ५.८, सहाव्याला १७.६, आठव्याला २७.८, दहाव्याला २३.८, बाराव्याला १७.७, आणि पुढे तसंच उतरत.

आता समजा ३० मिलिमीटर परिणामकारक पाऊस येणार आहे. तो सगळा त्याच दोन तासांत पडला, तर शिखर साधारण ८३ क्युमेक, अधिक मूळ प्रवाह. पहिल्या दोन तासांत २० आणि पुढच्या दोनांत १० पडला तर? आठव्या तासाला ५५.७ अधिक १७.६, म्हणजे ७३, दहाव्याला ४७.५ अधिक २७.८, म्हणजे ७५. शिखर दहाव्या तासावर सरकलं. क्रम उलटा करा, आधी १० आणि मग २०: दहाव्या तासाला २३.८ अधिक ५५.७, म्हणजे ७९. पाऊस तेवढाच, कालावधीही तोच. फक्त जोराची सर शेवटी आली म्हणून शिखर चढलं. प्रत्यक्षात फरक याहून मोठा पडतो, कारण उशिरा येणारी सर भिजलेल्या जमिनीवर पडते आणि तिच्यातलं कमी पाणी मुरतं. ही बेरीज स्वतः एकदा करा. शेवटच्या सरीची भीती का बाळगायची ते मग कुणी सांगावं लागत नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात असू द्या. पाऊस सगळ्या पाणलोटावर सारखा पडला असं ती गृहीत धरते, म्हणून काही हजार चौरस किलोमीटरच्या पलीकडे तिचा भरवसा धरू नये. आणि छोट्या पुरांवरून काढलेला एकक आलेख मोठ्या पुराचं शिखर कमी दाखवतो, कारण खोल पाणी जास्त वेगाने पळतं. एकच पूर घेऊ नका. चार-पाच वेगवेगळ्या पुरांवरून काढा आणि ते आपसात किती जुळतात ते पाहा.

खाली जाताना

वरच्या पुलावरचा आलेख आणि तीस किलोमीटर खालचा आलेख यांच्यामध्ये कोणती उपनदी येऊन मिळाली नाही, तर खालचं शिखर उशिरा येतं आणि बुटकं असतं. पात्र, काठचे मळे, पाणथळ जागा हे सगळं काही काळ पाणी धरून ठेवतं. रुंद, उथळ पात्रात काठांच्या आत वाहणाऱ्या पुराची लाट पाण्याच्या स्वतःच्या वेगापेक्षा सुमारे १.६७ पट वेगाने पुढे जाते, त्यामुळे नुसत्या ओंडक्याच्या वेगावरून वेळ काढाल तर पूर तुमच्या अंदाजाआधी पोहोचेल. पाणी काठ ओलांडून पसरलं की लाट मंदावते. काठाला बांध घालून पसरायची जागा काढून घेतली, तर खालच्यांना उंच शिखर लवकर मिळतं.

मध्येच उपनदी येऊन मिळत असेल तर दोन्हींची शिखरं एकाच वेळी येतात का, ते तपासा. आलेखाला दोन टोकं दिसली तर बहुधा दोन सरी किंवा वेगवेगळ्या वेळी आलेल्या दोन उपनद्या. सपाट माथा दिसला तर वर धरण, तलाव किंवा काठाबाहेर पसरलेलं पाणी.

आणि एक आकार असा, की तो दिसला तर पेन्सिल खाली ठेवून लोकांना सावध करायला धावायचं. वर पाऊस कोसळतोय, रेघ चढती आहे, आणि मध्येच ती एकदम खाली येते. पाणी उतरलं म्हणून हायसं वाटण्याचा हा क्षण नव्हे. वर कुठेतरी दरड कोसळून किंवा पुलाच्या कमानीत झाडं आणि दगड अडकून पाणी तुंबलं असण्याची शक्यता आहे. लिनमथच्या त्या रात्री असेच पूल चोंदले, मागे पाणी साठत गेलं, आणि अडसर फुटला तेव्हा सगळं एकदम गावावर आलं. नदीवरून आलेल्या नोंदींत चढाच्या मधोमध असा खड्डा दिसला, तर कारण शोधत बसू नका. आधी काठ रिकामा करायला सांगा.